धारोष्ण

वैजयंताला दुधाची किळस होती, आणि तिला दिली ती म्हशीवाल्यांच्या घरात.

माहेर शाहूवाडीच्या वरच्या अंगाला, डोंगरात. तिथं भात पिकायचा. दारात एकच म्हैस होती आणि तिचं दूध दोन्ही वेळेला कॅनमधून खाली डेअरीला जायचं. घरची माणसं गुळाचा कोरा चहा प्यायची. वैजयंताचा दुधाशी संबंध यायचा तो कॅन घासण्यापुरता. झाकणाच्या कडेला साचलेला पिवळट, चिकट थर नखानं खरवडताना तिचा श्वास कोंडायचा. आई म्हणायची, "नाक दाब आणि घास." ती तसंच करायची.

सासर कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. घराच्या मागं गोठा, गोठ्यात नऊ म्हशी. सासरा केरबा सत्तरी ओलांडलेला, तरुणपणी तालमीत घाम गाळलेला, अजून मानेनं जाड. रोज संध्याकाळी दोन म्हशी चौकातल्या दुधाच्या कट्ट्यावर नेऊन उभ्या करायच्या, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसासकट पेला त्याच्या हातात द्यायचा, हा त्यांचा धंदा. नवरा उदयसिंह धार काढायचा, केरबा पेले भरायचा आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा. "पावणं, ह्ये दूध न्हवं, औषध हाय," असं तो दिवसातनं वीसदा तरी म्हणत असेल.

लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी सासूनं, शालूबाईनं, तिला गोठ्यात बोलावलं आणि पितळी गडवा हातात दिला. गडवा कोमट होता. वरती बोटभर फेस, फेसात एक काळा केस. शालूबाईनं तो चिमटीत धरून काढला, पदराला पुसला आणि म्हणाली, "पी. ह्या घरात सगळी सकाळी गडवाभर पित्यात. अंग भरंल तुजं."

वैजयंतानं गडवा तोंडाला लावला. म्हशीच्या अंगाची ऊब तशीच्या तशी तिच्या ओठांना लागली. शेणाचा, ओल्या कातडीचा, गोडसर असा एक वास नाकात भरला. कुणाच्या तरी पोटातलं आपण आपल्या पोटात ओततोय, असं तिला वाटलं. केरबा समोर उभा राहून बघत होता. तिनं डोळे मिटले आणि प्यायली. मग न्हाणीघरात जाऊन तोंडावर पदर दाबून सगळं ओकली. नवी सून ओकताना ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला.

माणूस कशालाही सरावतं म्हणतात. ती किळसेला सरावली नाही, पण लपवायला सरावली. श्वास धरायचा, चार घोटांत संपवायचं, वर लगेच कच्च्या ज्वारीचे चार दाणे चघळायचे. सकाळी गडवा, रात्री दूधभात. त्या घरात ताटात दूध न घेता उठणं म्हणजे केरबाच्या तोंडावर थुंकण्यासारखं होतं. अशी बारा वर्षं गेली. मधे अवंतिका झाली. ती तीन वर्षांची झाल्यावर तिच्याही हातात पेला आला. पोरगी तोंड फिरवायची. तेव्हा वैजयंताच तिचं नाक दाबायची, आणि पोरीनं श्वासाला तोंड उघडलं की पेला आत ओतायची. एकदा पोरीनं गुळणी तिच्या अंगावर सोडली तर तिनं तिला फाडकन मुस्काटात दिली होती. केरबा वैजयंताकडं बघून म्हणाला होता, "अस्सं! आता कशी शानी झालीस."

दुखणं सुरू झालं ते त्यातल्या शेवटच्या दोन वर्षांत. आधी नुसतं जड वाटायचं. मग बेंबीच्या वर पिळवटून कळा यायला लागल्या. सकाळचा गडवा दुपारपर्यंत पोटात तसाच पडून राहायचा आणि मग वर यायचा तो फाटून. आंबट पाण्यात पांढऱ्या गाठी. नाकातूनही यायच्या. ती बोटानं नाक साफ करायची आणि बोटाकडं बघून पुन्हा ओकायची. वास केसांत राहायचा, ब्लाउजच्या गळ्यात राहायचा. उदयसिंह माणूस वाईट नव्हता, पण एकदा जवळ आला आणि तसाच मागं सरला. "तुज्या तोंडाला नासल्यालं दूध येतंय गं," म्हणाला आणि कूस बदलून झोपला. वैजयंताला त्याचा राग आला नाही. तिला स्वतःचीच शिसारी आली.

"पित्त हाय," शालूबाई म्हणाली. "पित्ताला थंड दूध. न्हेमीच्या गडव्यावर दोन पेलं जास्त घे."

शेजारणी म्हणाल्या थंड दूध. औषधाच्या दुकानातला माणूस गोळ्या देत म्हणाला, "वहिनी, थंड दूध घ्या, बरं वाटतं." गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, कुठल्या तरी पेशी फार वाढल्यात म्हणाले, जंत असतील म्हणून गोळ्या दिल्या. जंताची गोळी तिनं दुधाबरोबर घेतली. महिन्यानं पुन्हा गोळी घेतली. जंत काही पडले नाहीत. ओकाऱ्या मात्र दिवसातनं तीनदा व्हायला लागल्या. आणि ती थंड दूध पीत राहिली, कारण सगळ्यांनी तेच सांगितलं होतं.

मग पोट फुगायला लागलं. हातपाय काड्यांसारखे, आणि पोट गच्च. शालूबाईच्या नजरेनं ते आधी टिपलं. तिनं कुणाला काही न विचारता गल्लीभर केलं. बायका दारातनं विचारायच्या, "काय वैजे, बातमी हाय म्हणं?" कुणी पोटावरनं हात फिरवायच्या. वैजयंता सांगायची, पाळी चालू आहे, तसलं काही नाही. शालूबाई ऐकत नव्हती. "मला शिकवतीस व्हय? चार झाल्यात मला." तिनं गडव्यात केशर घालायला सुरुवात केली. केशराचे लाल धागे त्या कोमट फेसात लोळताना बघून वैजयंताच्या तोंडाला पाणी सुटायचं, पण ते ओकारीच्या आधीचं, खारट पाणी. शेवटी उदयसिंहानं दुकानातनं चाचणीची पट्टी आणली. एकच रेघ उमटली. शालूबाईनं पट्टी उलटीसुलटी करून बघितली, मग चार दिवस ती सुनेशी बोलली नाही, पण गडव्यात केशर घालायची सोडली नाही. जणू सुनेनं तिला फसवलं होतं.

फाल्गुनातल्या एका संध्याकाळी केरबाचा गुडघा धरला म्हणून पेले भरायला वैजयंता कट्ट्यावर गेली. गर्दी होती. सुट्टीचा दिवस, बाहेरगावची माणसं आलेली. उदयसिंह खाली बसून धार काढत होता, ती त्याच्या हातातली चरवी घेऊन पेले भरत होती. पुण्याकडची एक बाई लहान पोराला पेला देत म्हणाली, "पी राजा, बघ किती गरम आहे." त्या पोराच्या वरच्या ओठावर फेसाची मिशी उमटली. ती बघितली आणि वैजयंताच्या पोटातून काहीतरी उसळलं. तिनं तोंडावर हात धरला. बोटांच्या फटींतून ते बाहेर आलं. आंबट पाणी, फाटक्या दुधाच्या गाठी, सकाळच्या केशराचा एक लाल धागा. चरवीवर, पेल्यांच्या ताटावर, त्या बाईच्या चपलांवर. मग ती तिथंच म्हशीच्या पायांशी कोसळली.

शुद्धीवर आली तेव्हा तिला पहिल्यांदा पेल्यांचा आवाज ऐकू आला. माणसं एकेक करून भरलेले पेले ताटात परत ठेवत होती. एकानं अर्धा प्यायलेला पेला गटारात ओतला आणि जाता जाता थुंकला.

घरी केरबा लंगडत अंगणात आला. "गिऱ्हाइकापुढं ओकलीस? आमच्याच दुधापुढं? आता लोकं काय म्हणतील? ह्यांचं दूध पिऊन ह्यांचीच सून ओकती, असंच म्हणतील की!"

"आबा, ती मरंल आता," उदयसिंह म्हणाला. वैजयंतानं बारा वर्षांत त्याला बापापुढं एवढ्या मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. "उद्या दवाखान्यात न्हेतोय मी तिला. मोठ्या."

मोठ्या दवाखान्यात पोटाच्या डॉक्टर होत्या आदिती मगदूम. चाळिशीच्या आत-बाहेर, बोलायला हळू. त्यांनी आधी सुई घालून पोटातलं पाणी काढलं. नळीतनं बाटलीत गढूळ पिवळं पाणी उतरत राहिलं, दीड बाटली. ज्या पोटावरनं शेजारणींनी हात फिरवले होते त्यात हे होतं. वैजयंतानं भिंतीकडं तोंड केलं. दुसऱ्या दिवशी घशातून दुर्बीण घातली. आत बघताना डॉक्टरांनी ठिकठिकाणचे बारीक तुकडे काढून तपासायला पाठवले.

पाच दिवसांनी नवरा-बायको त्यांच्या टेबलासमोर बसले. डॉक्टरांनी पडद्यावर फोटो लावला. लालबुंद, सुजलेल्या वळ्या, त्यांवर फिकट चट्टे आणि चिकट पाझर.

"हे तुमचं जठर. याला आतून सूज आहे. सूज साधी असती तर पित्ताच्या गोळ्यांनी उतरली असती. ही वेगळी आहे, फार थोड्या लोकांना होते. इओसिनोफिलिक गॅस्ट्रायटिस म्हणतात. एखादी गोष्ट शरीराला मानवत नाही, आणि ती वर्षानुवर्षं पोटात जात राहते, तेव्हा रक्तातल्या काही पेशी जठराच्या भिंतीत येऊन ठाण मांडतात. परक्याशी लढायला म्हणून येतात आणि आपलंच अस्तर सोलून काढतात. तुमच्या रक्तात ज्या पेशी वाढल्या होत्या, त्याच या. जंत नव्हतेच."

"कुठली गोष्ट?" उदयसिंहानं विचारलं.

"ते शोधायचंय. रोज काय खाता ते सांगा. सगळं."

वैजयंतानं सांगितलं. सांगताना तिला स्वतःलाच ऐकू आलं. सकाळी दूध. पित्तासाठी दूध. रात्री दूध. डॉक्टर लिहिता लिहिता थांबल्या.

"किती वर्षं?"

"बारा."

"आवडतं?"

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. तिनं नवऱ्याकडं बघितलं, मग टेबलाकडं बघून म्हणाली, "किळस येती."

"पहिल्यापासून?"

"पयल्यापासनं."

"मग का प्यायलात?"

उदयसिंह खाली बघत बसला. त्याच्या नखांत गोठ्यातलं शेण होतं.

"दूध वाईट असतं असं मी म्हणत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हजारो लोक पितात, त्यांना काही होत नाही. पण ह्यांच्या शरीराला ते चालत नाही असा मला दाट संशय आहे. सहा आठवडे दूध, दही, ताक, तूप, सगळं बंद. एक थेंबही नको. सोबत गोळ्या देते, त्या हळूहळू कमी करू. मग पुन्हा दुर्बीण."

घरी येऊन उदयसिंहानं हे सांगितलं तेव्हा केरबानं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "भाईर कुणाला सांगायचं न्हाय. मिसरीनं पोट सोललं म्हणावं."

"मी मिसरी लावत न्हाय मामा," वैजयंता म्हणाली.

"मग लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला गडवा आला नाही, पण अवंतिकाला पेला आला. पोरगी पेला घेऊन गोठ्याच्या दारात उभी होती आणि सवयीनं आईची वाट बघत होती. आई आली की ती स्वतःच नाक पुढं करायची, म्हणजे लवकर उरकायचं. वैजयंता आली, तशी पोरीनं मान वर केली, डोळे घट्ट मिटले आणि नाक पुढं केलं. ते बघून वैजयंताला जे वाटलं ते दुधाच्या वासानंही कधी वाटलं नव्हतं. स्वतःची दोन बोटं तिला घाण वाटली. तिनं पेला काढून घेतला आणि म्हशीच्या घमेल्यात ओतला.

"ए!" केरबा ओरडला. "रोग तुला हाय, पोरीला न्हाय!"

"तिला पायजे असंल तर ती मागंल," वैजयंता म्हणाली. ती जागची हलली नाही. पोरगी एकदा आजाकडं, एकदा आईकडं बघत राहिली आणि मग दप्तर घ्यायला पळाली.

तीन आठवड्यांत वैजयंता माणसात आली. ओकारी थांबली. पोट उतरलं. भूक म्हणजे काय असते ते तिला नव्यानं कळलं. ज्वारीची भाकरी, झुणका, कोरा चहा. पोटात गेलेलं पोटात राहतंय, ह्याचंच तिला अप्रूप वाटायचं. तोपर्यंत तिला स्वयंपाकघरात फार वेळ उभं राहवत नव्हतं म्हणून भाकऱ्या शालूबाई थापायची. एक दिवस वैजयंता कौतुकानं म्हणाली, "आत्ती, हल्ली भाकरी किती लुसलुशीत हुतीया. मला तर दीड लागती."

"खा की," शालूबाई म्हणाली. "खातीस त्येच बरं वाटतंय."

पाचव्या आठवड्यात, गोळ्या कमी होत होत एकावर आल्या, आणि कळा परत सुरू झाल्या. मग मळमळ. मग एका सकाळी ती अंगणात ओकली. ओकारीत भाकरीचे तुकडे होते आणि त्यातून तोच जुना वास आला. वैजयंता गुडघ्यांवर बसून त्या ओकारीकडं बघत राहिली. वाटलं, भास होतोय. दूध तर शिवलंसुद्धा नाही.

त्या दिवशी ती भाकरीच्या वेळेला चप्पल न घालता, आवाज न करता स्वयंपाकघराच्या दारात गेली. शालूबाई काटवटीपुढं बसली होती. पीठ घेतलं, मधे आळं केलं आणि बाजूच्या वाटीतलं ओतलं. पांढरं. मग शांतपणे मळायला लागली. बोटांच्या पेरांत, बांगड्यांच्या खालच्या सुरकुत्यांत दूध आणि पीठ चिकटत होतं.

"आत्ती."

शालूबाई दचकली. मग हात तसेच पिठात ठेवून म्हणाली, "व्हय. दशमी करती. पंधरा दिस झालं, रोज करती. दूध तोडलं की माणूस वाळतंय गं. तू खायला लागलीस, अंग धरलंस, ते गोळ्यांनी वाटलं तुला? माज्या दुधानं धरलंस."

"मी सकाळी ओकले त्ये बघितलंसा न्हवं?"

"कधीमधी हुतंय की."

पंधरा दिवस. पंधरा दिवस तिनं दीड-दीड भाकरी खाल्ली होती. लुसलुशीत म्हणाली होती. वैजयंताच्या जिभेवर त्या सगळ्या भाकऱ्यांचा थर चढला. तिनं काटवट उचलली, पिठासकट गोठ्यात नेली आणि म्हशीपुढं उपडी केली. परत येऊन म्हणाली, "आजपासनं माजं मी करून खाणार. तुमच्या हातचं पाणीसुदिक नको मला."

"मी काय ईख घातलं व्हय गं?" शालूबाईचे डोळे भरले. ती खोटं रडत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं, आणि वैजयंताला त्याचीच सगळ्यांत जास्त शिसारी आली.

त्याच दिवशी उदयसिंहानं माडीवर दुसरी शेगडी लावून दिली. वेगळा तवा, वेगळी भांडी. केरबा खालून ओरडत होता, घर फोडलं म्हणून. उदयसिंह शेगडीची नळी बसवत राहिला. एकदाच खाली वाकून म्हणाला, "आबा, पोटात पाणी झालं तवा बाटली मी धरलीया. तुमी न्हाय."

डॉक्टरांना दशमीचं सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "बरी झाल्यावर मी तुम्हाला मुद्दाम थोडं दूध देऊन बघणारच होते, माझ्या नजरेखाली, खात्री करायला. ते सासूबाईंनी आधीच केलं. गोळ्या कमी होत होत्या हेही खरं, म्हणून अजून दोन महिने बघू. पण मला आता फारशी शंका उरली नाही."

गोळ्या पुन्हा वाढवल्या, पुन्हा हळूहळू उतरवल्या. दोन महिन्यांनी दुर्बिणीत जठर फिकट गुलाबी दिसलं, वळ्या सपाट झालेल्या. गोळ्या सुटल्या. दूध कायमचं सुटलं. पेठेत व्हायची ती चर्चा झाली आणि विरली. कट्ट्यावर गिऱ्हाईक थोडं कमी झालं, मग नवं आलं. केरबा अजून म्हणतो, ह्ये दूध न्हवं, औषध हाय. तो वैजयंताशी सरळ बोलत नाही, भिंतीकडं बघून बोलतो. अवंतिका कधी दूध मागते, कधी मागत नाही. मागितलं तर वैजयंता पेला तिच्या पुढं ठेवून खोलीबाहेर जाते.

गौरीच्या दिवसांत एका दुपारी शालूबाई माडीवर आली. हातात काटवट, पिठाचा डबा आणि पाण्याचा तांब्या. वैजयंताच्या समोर बसली. तांब्या तिच्या नाकापुढं धरला. "पाणी हाय बघ. वास घे." मग तिच्या डोळ्यांदेखत पीठ मळलं, भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. भाकरी फुगली. शालूबाईनं ती ताटलीत ठेवली आणि हात मांडीवर ठेवून बसली. तिच्या नखांत पीठ होतं.

वैजयंतानं घास तोडला. भाकरी चांगली होती. घास तोंडात घोळला, घोळत राहिला. तो खाली जाईना. तिनं पाण्याचा घोट घेऊन तो ढकलला, आणि दुसरा तोडला नाही.

"आत्ती, ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पोट बरं झालंय. पण तुमच्या हातचं उतरंना."

शालूबाईनं भाकरीची दुमड घालून ती पदरात घेतली, काटवट उचलली आणि एकेक पायरी धरत खाली गेली. खाली म्हशींच्या धारेची वेळ झाली होती. वैजयंतानं खिडकी लावून घेतली आणि कोऱ्या चहाला आधण ठेवलं.